आठ पिवळ्या रेघा

३ फेब्रुवारी

दादा,

"रेघ मी मारली," असं तू म्हणालास, त्याला या महिन्यात सतरा वर्षं होतील. पत्राची सुरुवात या वाक्यानं करायची नव्हती. आधी दोन कागद लिहून फाडले. त्यांत तुझी तब्येत विचारली होती, हवापाणी होतं, आणि वाचताना मलाच जांभई आली.

तुझा पत्ता वहिनीनं दिला, तुला न सांगता. तिच्यावर रागावू नकोस. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद.

काम सांगते. बाबांना लाल गाडीत मोठं इंजिन पुन्हा बसवायचंय.

हो, तेच. आठ सिलिंडरचं. भंगारात निघालेल्या परदेशी गाडीतून तू उतरवून आणलं होतंस ते. इतकी वर्षं ते शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे. बाबा दर महिन्याला ताडपत्री उचलतात, प्लग काढून आत तेलाचे थेंब सोडतात आणि पान्यानं दोन फेरे फिरवतात, जाम होऊ नये म्हणून. कशाला करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पाहुणा आहे. विचारपूस नको?"

आणि गाडीत आता परत ते जुनं छोटंच इंजिन आहे. तुझंच बोलणं आठवतं: दिसायला वाघ, आवाज शिलाई मशीनचा. बाबांनी मासिकातल्या तीन फोटोंवरून त्या शर्यतीच्या गाडीचा साचा केला, फायबरचे थर चढवले, रात्रंदिवस घासलं. दुरून पाहणारा फसायचा. जवळ आली की आवाजानं पितळ उघडं पडायचं. तुला त्याची लाज वाटायची, आणि बाबांना तुझ्या लाजेचा राग यायचा.

आता ते स्वतःच मोठं इंजिन म्हणताहेत, त्याला कारण आहे. त्यांची नजर जातेय. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंधार कडेकडून मध्ये येत जाईल; जूनपर्यंत समोरचा माणूस ओळखता येईल, पुढचं सांगता येत नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी त्यांचा हात धरला होता. मला वाटलं, आता हे काहीतरी मोठं बोलणार. ते म्हणाले, "मग काढू या पाहुण्याला बाहेर."

तू केलेल्या माउंटिंगच्या पट्ट्या बाबांनी तेव्हाच कापून टाकल्या होत्या, तुला ते माहीत नसेल. त्यांची मापं हवीत. भोकांमधलं अंतर, आणि इंजिन किती उचलून बसवलं होतंस ते, म्हणजे तेलाचं चेंबर खालच्या आडव्या पाइपला लागणार नाही.

मापं तेवढी पाठव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बहीण


२४ फेब्रुवारी

दादा,

कागद मिळाला. एका बाजूला आकृती, दुसरी बाजू कोरी. कोरी बाजू मी दोनदा पाहिली.

बाबांनी तो दिव्याला चिकटवून वाचला. म्हणाले, "आकडे अजून झोपलेलेच काढतो." मग शेवटची ओळ त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावली. "डावीकडे साखळी लाव. जोर आला की डावी बाजूच उचलते." दुसऱ्या दिवशी जेवताना एकदम म्हणाले, "साखळीचं बरोबर आहे त्याचं." एवढं. पण तुझ्याबद्दल 'बरोबर' हा शब्द मी सतरा वर्षांत पहिल्यांदा ऐकला, म्हणून कळवते.

काम चालू आहे. छोटं इंजिन चेन ब्लॉकनं वर घेतलं तशी गाडीचं नाक चार बोटं वर आलं, ओझं उतरवलेल्या माणसासारखं. पुढच्या स्प्रिंगा जाड घातल्या. ब्रेक बदलले. हे मी ठणकावून करून घेतलं, बाबांना आधी इंजिनच बसवायची घाई होती. रेडिएटर दोन बोटं रुंद निघाला, तर पुढची जाळी कापावी लागली. आणि बॉनेट बसेना. तेव्हा तुम्ही बॉनेट न लावताच निघाला होतात, आठवतं? आता बाबांनी मध्ये करवतीनं चौकोन कापला आणि मला म्हणाले, "इथे फुगवटा शिव." शिवच म्हणाले. मी आधी कागदाचा कपडा बेतला, चुण्या घातल्या, मग त्यावरून फायबरचे थर दिले. चांगला आलाय. ब्लाउजच्या बाहीला जो घेर देतात तोच.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडायची प्लेट लेथवाले काका करताहेत. त्यांचे केस गेले, जीभ तशीच आहे. मला म्हणाले, "बाई, तुझा बाप डोळ्यांनी चाललाय आणि गाडीला म्हणतोय पळ!"

बाबा मागेच उभे होते. "मी चालवणार नाहीये. मी ऐकणार आहे."

"ऐकायला एवढा खटाटोप? मी तोंडानं आवाज काढून दाखवतो."

"तुझा आवाज तीस वर्षं ऐकतोय. म्हणून तर दुसरं इंजिन हवंय."

चालवायचं मला आहे. बाबा शेजारी बसणार. मागच्या वेळी कोपऱ्यावरच्या गोदामाच्या भिंतीपर्यंतच गाडी गेली. ते म्हणतात, तीनशे पावलं ऐकला तो आवाज, पुढचा राहिला.

रेघांचं काम अजून माझ्याकडेच आहे. बाहेरून आलेले लोक विचारतात, ही पिवळी रेघ कसली? मी सांगते: बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून खालच्या पट्टीवर एक रेघ ओढायची. बोल्ट जरा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. आणि रेघ दिसली की त्या बोल्टला पुन्हा पाना लावायचा नाही. आमच्या शेडमध्ये तो दिलेला शब्द आहे. हे शेवटचं वाक्य मी बाबांसारखंच म्हणते, त्यांच्याच सुरात.

परवा स्प्रिंगांच्या बोल्टसाठी रंगाची डबी उघडली. बाबा स्टुलावर बसून गुडघा चोळत होते. तो अजून पूर्ण वळत नाही. सहज बोलल्यासारखं म्हणाले, "पोरानं रेघ मारली आणि आवळलंच नाही. हातात एवढी कला असून."

मी ब्रश पुसत राहिले. इतकी वर्षं झाली, आता त्यावर काय बोलायचं.

बहीण


९ मार्च

दादा,

हे पत्र मी टाकेन की नाही, मला माहीत नाही.

त्या दिवशी चार वाजता फोटोवाला येणार होता. ज्या मासिकातून बाबांनी गाडी उचलली, त्याच मासिकाचा. बाबा सकाळपासून धुतलेला शर्ट घालून वावरत होते आणि कशालाही हात लावत नव्हते. तू उजव्या माउंटिंगचे चार बोल्ट आवळलेस. डावीकडचे चार हातानं फिरवून नुसते बसवलेस, कारण मध्येच क्लचची केबल तोकडी निघाली आणि तू दुकानात पळालास. मी सीट शिवत होते. तोंडात टाचण्या होत्या. तू मला टाचणी म्हणायचास ते त्यावरूनच.

साडेतीन झाले होते. मी डबी उचलली आणि आठही बोल्टवर रेघा मारल्या.

ते आवळलेत असं मला वाटलं होतं का? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तरावर विश्वास उरला नाही. बहुतेक मी तो विचारच केला नाही. मला फक्त फोटो दिसत होता. उजवीकडे चार पिवळ्या रेघा आणि डावीकडे काही नाही, हे डोळ्याला खुपत होतं. एका बाहीला काठ आणि दुसरीला नाही, तसं.

तू परत आलास, केबल लावलीस, डावीकडे वाकून पाहिलंस. पाना पुसलास आणि फळीवर ठेवलास. मी ते पाहिलं. तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या, एवढंच माझ्याकडे सांगायला आहे.

पुढचं तुला माहीत आहे. फोटोवाला दारात उभा, तू बाबांच्या शेजारी, आणि कोपऱ्याजवळ बाबांनी जोर दिला. इंजिन डावीकडून उचललं, उजवीकडचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्यावर बसला, चाक वळेना, आणि गाडी गोदामाच्या भिंतीवर गेली. मी पळत आले तेव्हा बाबा रस्त्यावर होते, गुडघा धरून. दुसऱ्या हातात तिथेच पडलेला एक बोल्ट. त्याच्या डोक्यावर अर्धी पिवळी रेघ. त्यांनी आरडाओरडा केला नाही. विचारलं, "ही रेघ कोणी मारली?"

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. सरळ म्हणालास, "रेघ मी मारली."

"मग पाना ठेव खाली," बाबा म्हणाले. तुझ्या हातात तेव्हा पाना नव्हताच.

आठवड्याभरात तू गेलास. आई गेली तेव्हा आलास, पण शेडच्या दारापाशी उभा राहिलास, आत पाऊल टाकलं नाहीस. मी चहा घेऊन आले तर तू म्हणालास, "साखर कमी कर, टाचणी." मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्यानंतरही रोजच बोलायला हवं होतं.

मला एक गोष्ट विचारायची आहे. तुझ्या रेघा गांडुळासारख्या असायच्या. मी खडूनं कापड आखणारी बाई, माझी रेघ शिवणीसारखी सरळ. तो बोल्ट तुझ्या डोळ्यांसमोर होता. घाईत आपणच रेघ मारली असेल असं तुला वाटलं, की तू ओळखलंस?

पहिलं असेल, तर सतरा वर्षं तू माझी चूक आपली समजून वागवलीस. दुसरं असेल तर... हे वाक्य मला पुरं करता येत नाही.

वहिनी सांगत होती, तू आता जनरेटरची इंजिनं तपासतोस आणि शेवटची सही तुझी असते. तुझ्या सहीशिवाय इंजिन कारखान्याबाहेर पडत नाही. तुझ्या सहकाऱ्यांना तू फार चिकित्सक वाटतोस म्हणे, एकेक बोल्ट स्वतः हात लावून बघतोस. ती हसत हसत सांगत होती. मी फोन लवकर ठेवला.


२५ मार्च

दादा,

नऊ तारखेचं पत्र सोळा दिवस शिलाई मशीनच्या खणात होतं. आज दोन्ही एकाच पाकिटात घालतेय. का ते सांगते.

बुधवारी इंजिन गाडीत उतरवलं. काकांची प्लेट अशी बसली की बाबांनी त्यांची पाठ थोपटली आणि काका म्हणाले, "बाजूला हो, रडू येईल मला." मी पट्ट्या लावल्या, तुझ्या मापांच्या. केसभरही फरक नाही. डावीकडे साखळी लावली. काका गेले. मग बाबांनी पिवळी डबी माझ्या हातात दिली, आणि मी ती घेऊ शकले नाही.

"बाबा, त्या दिवशी रेघा मी मारल्या होत्या."

"कुठल्या दिवशी?" म्हणाले. मग त्यांना कळलं.

मला वाटलं होतं, ते म्हणतील जाऊ दे पोरी, आता काय त्याचं. सतरा वर्षं मी स्वतःला हेच वाक्य त्यांच्या आवाजात ऐकवत आले होते. ते असलं काही म्हणाले नाहीत. काठी घेऊन शेडबाहेर गेले. पाच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ताट ठेवलं की जेवायचे, भिंतीकडे तोंड करून. एकदा त्यांच्या खोलीवरून जाताना ऐकलं, ते स्वतःशीच म्हणत होते, "हातात पानासुद्धा नव्हता त्याच्या."

आज सकाळी हाक मारली. "त्याला कळवलंस?"

"लिहिलंय."

"टाकलंस?"

मी शिलाई मशीनचा खण उघडला.

"म्हणजे अजून हातानंच फिरवून ठेवलाय बोल्ट," ते म्हणाले. "जा. टाकून ये."

मी चपला घालत होते तर मागून म्हणाले, "मला वाटलं होतं, दोन दिवसांनी येईल आणि उचलेल पाना. माझ्यासारखाच आहे, हे लक्षातच आलं नाही." ते तुला लिही असं त्यांनी सांगितलं नाही. लिहू नको असंही सांगितलं नाही.


१८ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं. तीन ओळी. पाठ झाल्या आहेत.

"अर्धी होती तरी सरळ होती. दिसली. पण बोल्ट आवळणं माझं काम होतं, रेघ कोणाचीही असो. गाडी चालू करा, साखळी विसरू नका, मला यायला जमणार नाही."

म्हणजे ओळखलं होतंस.

ते कार्ड घेऊन मी लाल गाडीत जाऊन बसले, मी शिवलेल्या सीटवर, आणि बराच वेळ बाहेर आले नाही. तुझे आभार मानू की तुझ्यावर ओरडू, हे अजून ठरत नाही. तू मला वाचवलंस. पण मला काही न विचारता वाचवलंस, दादा, आणि मग निघून गेलास. तू नुसता दारात उभा राहून एकदा माझ्याकडे पाहिलं असतंस, तर मी त्याच क्षणी तोंड उघडलं असतं. असं मला वाटतं. तेही खरं असेलच असं नाही.

बाबांना कार्ड वाचून दाखवलं. "सरळ होती" या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं, परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "बोल्ट माझ्या हातात होता. मी का नाही पाहिलं?" त्यांची नजर तेव्हा उत्तम होती.

आता गाडीचं. सगळं तयार आहे. पाणी भरलंय, तेल भरलंय, बॅटरी चार्ज करून बसवली आहे. काल मी आठही बोल्ट आवळले. टॉर्कच्या पान्यानं, एकेक करून. बाबा हात माझ्या कोपरावर ठेवून उभे होते. पुरेसा जोर लागून पान्याचा 'कट्' आवाज आला की म्हणायचे, "एक." मग "दोन." आठ झाल्यावर म्हणाले, "उजवीकडचा मागचा परत." तो बरोबर होता, पण मी परत लावला.

मी डबीकडे हात नेला तर म्हणाले, "नाही."

त्यांनी आता नवा नियम केलाय. आवळणारा एक, रेघ मारणारा दुसरा, आणि दुसऱ्यानं स्वतः पाना लावून खात्री केल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही. नियम चांगला आहे. आधीच करायला हवा होता. पण इथे आवळणारी मी, आणि दुसरे बाबा, ज्यांना पान्यावरचा आकडा दिसत नाही. मी लेथवाल्या काकांना म्हटलं, तुम्ही तपासा आणि मारा रेघा. ते टोपी घालून निघालेच. "बाई, मी लेथचा माणूस. तुमच्या घरातल्या बोल्टांना मी पाना लावत नाही." आणि बाबांचा जुना नियम तुला ठाऊक आहे. रेघ नाही, तर किल्ली नाही. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. झोपतानाही.

म्हणून गाडी उभी आहे.

मी त्यांना म्हटलं, तो येणार नाही, कार्डात स्पष्ट लिहिलंय. ते म्हणाले, "गाडी थांबेल." गाडी थांबेल, दादा. डोळे थांबणार नाहीत. डॉक्टरीणबाईंनी जून सांगितला होता, पण काल बाबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "कोण आहे?" मी दारात होते, उजेड मागून होता, म्हणून असेल.

तुला सुट्टी मिळत नाही हे मला माहीत आहे. तुझी सही लागते, तुझ्यावाचून अडतं, तेही माहीत आहे. सतरा वर्षांनी कुणी आठ बोल्ट तपासायला गाडीत बसून एवढ्या लांब येत नाही. तू पुन्हा कार्ड पाठवशील, त्यावर लिहिशील, जमणार नाही. मी या पत्राला तिकीट लावतानाच ते उत्तर वाचून ठेवते आहे.

तरी मागते. ये. तुझा पाना फळीवर आहे, जिथे ठेवला होतास तिथेच; मी तो फक्त पुसते. पिवळी डबी मी रोज ढवळून ठेवते, घट्ट होऊ नये म्हणून. आठही बोल्ट तपास, माझ्यावर अजिबात विश्वास न ठेवता तपास, आणि रेघा तू मार. गांडुळासारख्या मार. रंग वाळला की बाबा अंगठ्याच्या नखानं रेघ चाचपतात हल्ली. वाकडी लागली की कोण आलंय, हे मला त्यांना सांगावं लागणार नाही.

येशील का?

टाचणी